विद्युत करवत : घरगुती कार्यशाळेसाठी निवड

विजेच्या मोटरवर चालणारे, लाकूड, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते) असा माल कापण्याचे यंत्र. हातात धरायची गोल पात्याची सर्क्युलर सॉ, रुळावर सरकणारी ट्रॅक सॉ, टेबलाच्या फटीतून गोल पाते वर आलेली टेबल सॉ, पाते वरून खाली आणून कापणारी मायटर सॉ, वरखाली हलणाऱ्या बारीक पात्याची जिगसॉ आणि पट्ट्यासारखे अखंड पाते फिरवणारी बँडसॉ हे तिचे नेहमीचे प्रकार. घरी काम करणारा हौशी माणूस बहुधा एकटा असतो, यंत्र अधूनमधून हाती घेतो आणि त्याची जागा गॅलरीएवढी किंवा गॅरेजएवढी असते. रोजच्या सरावाने आलेली सावधगिरी त्याच्याकडे नसते. म्हणून कोणती करवत घरात आणायची, हाच त्याच्या सुरक्षिततेचा सर्वांत मोठा निर्णय असतो. गॉगल आणि मास्क त्यानंतर येतात.

टेबल सॉचा खरा धोका समजला की निवडीची निम्मी अडचण सुटते. तिच्या पात्याचे पुढचे दाते फळीला खाली, टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. फळी जराशी तिरकी झाली किंवा कापलेली चीर मागच्या बाजूने मिटून पात्याला चिमटली, की हे मागचे दाते फळी उचलतात आणि समोर उभ्या माणसाकडे भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. २५४ मिमी व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किमी भरतो. एवढ्या वेगापुढे माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. फळीचा मार पोटावर किंवा छातीवर बसतो. त्याहून वाईट म्हणजे, फळी निसटताना तिच्यावर टेकलेला हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो.

यावरचा उपाय साधा आहे. पात्याच्या लगेच मागे, त्याच्या गोलाईला धरून एक पोलादी पट्टी उभी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दात्यांवर चढू देत नाही. पाते वरखाली किंवा तिरके केले की ती पात्याबरोबरच हलते आणि उंचीला पात्यापेक्षा किंचित कमी असते, त्यामुळे अर्धवट खोलीची खाच पाडतानाही काढावी लागत नाही. जुन्या यंत्रांवरची दुभाजक पट्टी पात्याबरोबर वरखाली होत नसे. खाच पाडताना ती आड येई, म्हणून लोक ती काढून ठेवत आणि परत लावत नसत. काढून ठेवलेल्या पट्टीचा उपयोग शून्य. दुकानात टेबल सॉ बघताना मोटरचे वॉट विचारण्याआधी ही पट्टी, पात्यावरचे झाकण आणि गुडघ्यानेही बंद करता येईल असे मोठे बटण बघावे.

पात्याला बोट लागताच यंत्र थांबवण्याची सोयही आता मिळते. अमेरिकेतील स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९च्या सुमारास ती शोधून काढली आणि पुढे सॉस्टॉप या नावाने बाजारात आणली. पात्यातून सतत एक क्षीण विद्युत संकेत जात असतो. त्वचा टेकली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा स्प्रिंगच्या जोराने दात्यांत घुसतो. पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबते. त्यानंतर ठोकळ्याची पेटी आणि बहुधा पातेही बदलावे लागते. ही सोय बोटे वाचवते. किकबॅक रोखण्याचे काम मात्र रायव्हिंग नाइफचेच राहते.

महाराष्ट्रात फर्निचरच्या कामावर सर्रास दिसणारे यंत्र वरच्या यादीत नाही. ते म्हणजे चार इंची मार्बल कटर. दगड आणि लादी कापण्यासाठी बनवलेल्या या यंत्राला तीस किंवा चाळीस दात्यांचे लाकडाचे पाते लावून सुतार दिवसभर प्लाय फाडतात. यंत्र स्वस्त, हलके, पिशवीत मावणारे, आणि त्यावर अनेकांचे पोट चालते. पण त्याचे झाकण पात्याच्या फक्त वरच्या बाजूला असते. काप संपला की आपोआप मिटणारे खालचे झाकण त्याला नसते. ते मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेते. ११० मिमी पात्याच्या कडेचा वेग त्यामुळे ताशी २५० किमीच्या आसपास जातो, म्हणजे वरच्या टेबल सॉहूनही जास्त. हेच कटर प्लायच्या फळीखाली उलटे बसवून टेबल सॉ केली जाते, तेव्हा झाकण नाही, रायव्हिंग नाइफ नाही आणि बटण चालू स्थितीत अडकवून टेबलाखाली गेलेले. असे यंत्र घरात आणू नये. धातू घासण्या-कापण्याच्या अँगल ग्राइंडरला दात्यांचे पाते लावणे याहूनही घातक.

मग घ्यावे काय? आठ बाय चारचे प्लाय हे घरच्या कामातले सर्वांत अवघड धूड. ते टेबल सॉवर एकट्याने ढकलणे म्हणजे तोल जाण्याला निमंत्रण. प्लाय थर्मोकोलच्या जाड पत्र्यावर जमिनीवर आडवे टाकावे, वर रूळ किंवा सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळावी आणि करवत फिरवावी. या कामाला ट्रॅक सॉ उत्तम. बजेट कमी असेल तर सात इंची सर्क्युलर सॉ. घेताना तिचे खालचे झाकण बोटाने मागे ओढून सोडावे. ते खटकन मिटले पाहिजे, रेंगाळता कामा नये. वळणदार कापांसाठी जिगसॉ. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये शिवणयंत्राच्या सुईच्या जागी पाते बसवून ती कल्पना पुढे आणल्याचे सांगतात. तिचा वेग कमी, काप संथ. नवशिक्याची पहिली करवत हीच असावी. एका जागी उभे करायचे एकच यंत्र घ्यायचे असेल, तर टेबल सॉऐवजी बँडसॉ घ्यावी. तिचे पाते लाकूड सतत टेबलावर दाबते, त्यामुळे फळी अंगावर येत नाही. बोट मात्र तीही कापते, आणि गोल दांडके आधाराशिवाय धरले तर गर्रकन फिरवते. मायटर सॉ फक्त फळी रुंदीत आडवी कापण्यासाठी. वीतभराहून लहान तुकडा कोणत्याच यंत्रावर हातात धरून कापू नये. त्याला हातकरवत आहे.

१,४०० वॉटची करवत २३० व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर ओढते. ती १६ अँपिअरच्या प्लगवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळू लागताच ती तोडणाऱ्या स्विचमागे) चालवावी. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत. लाकडाचा भुसा हा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे, तेव्हा व्हॅक्यूमची नळी जोडता येईल असेच यंत्र निवडावे. आवाजापासून कान झाकावेत.

जुने यंत्र घेताना झाकण, रायव्हिंग नाइफ आणि पाना जागेवर आहेत का, हे पाहावे. विकणारा ‘ते काय, लागत नाही’ म्हणाला, तर सुटे भाग मिळतात का याची आधी चौकशी करावी; मिळत नसतील तर किंमत कितीही उतरली तरी यंत्र घेऊ नये.