विद्यापीठातून अंटार्क्टिका मोहिमेवर: पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि सामानाची तयारी

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. आजही मोहिमेची सूत्रं गोव्यातूनच हलतात. वास्कोजवळ हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, म्हणजे एनसीपीओआर, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या वतीने मोहिमेची आखणी करतं. जहाज, विमान, तळ, जेवणखाण हे विद्यापीठाला उभं करायचं नसतं. आपला प्रकल्प मंजूर करून घ्यायचा आणि राष्ट्रीय मोहिमेत सामील व्हायचं. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या विभागांना हा रस्ता आहे हेच ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं.

अर्ज कोणी करायचा

प्रस्ताव प्रमुख अन्वेषकाच्या, म्हणजे पीआयच्या नावाने जातो. पीआय नियमित पदावरचा प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ असावा. पीएचडीच्या विद्यार्थ्याने अर्जाची वाट न पाहता आपल्या मार्गदर्शकाला तयार करावं आणि चमूत आपलं नाव घालून घ्यावं. अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल, संस्थाप्रमुखांच्या सहीशिक्क्यानेच पाठवायचा. कुलसचिव कार्यालयातून सही यायला किती दिवस लागतात हे ज्याचं त्याला माहीत असतं, तेवढे दिवस आधीच धरून ठेवा. प्रस्ताव मागवल्याची सूचना केंद्राच्या संकेतस्थळावर येते. कोणता खर्च केंद्र उचलणार आणि कोणता संस्थेने करायचा हे त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचा. उपकरणं आपल्या विभागाचीच लागतील असं धरून चालणं सुरक्षित.

प्रस्तावात काय हवं

परीक्षकाच्या मनातला पहिला प्रश्न असतो: हे काम अंटार्क्टिकातच का? हिमालयात का नाही? स्पितीमध्ये याच केंद्राचा ‘हिमांश’ तळ आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. उत्तर पहिल्याच पानावर द्या.

दुसरं, तळ कोणता ते ठरवा. भारताचा ‘मैत्री’ तळ शिरमाखर ओएसिसमध्ये, म्हणजे बर्फ नसलेल्या उघड्या खडकाळ भागात आहे, समुद्राकाठच्या हिमकड्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत. तिथे गोड्या पाण्याची शंभराहून अधिक तळी आहेत. तळ्यातला गाळ, सूक्ष्मजीव, खडक यांवर काम करणाऱ्यांसाठी ती जागा. २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘भारती’ लार्समन टेकड्यांवर, अगदी किनाऱ्यावर आहे, म्हणून समुद्री बर्फ आणि सागरी जीवांच्या अभ्यासाला सोयीचं. दोन्हींत जवळपास ३,००० किलोमीटरचं अंतर आहे. ‘दोन्हीकडचे नमुने घेऊ’ असं सहज लिहिलेलं वाक्य प्रस्ताव कच्चा असल्याचं सांगून जातं.

तळाबाहेर किती दिवस काम, किती माणसं, हेलिकॉप्टर लागणार का, किती किलो सामान जाणार आणि किती परत येणार, हे आकड्यांत लिहा. उन्हाळी चमूत जायचं की हिवाळाभर राहायचं, तेही स्पष्ट करा. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून उन्हाळी काम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतं, हिवाळी सदस्य मात्र वर्षाहून जास्त काळ घराबाहेर असतो.

परवाना

१९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार, म्हणजे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पर्यावरणरक्षणाच्या मसुद्यानुसार, अंटार्क्टिकातल्या प्रत्येक कामाचा पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासावा लागतो. भारताने त्यासाठी भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ केला आणि परवान्याची जबाबदारी पृथ्वी विज्ञान सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिली. तुमच्या प्रकल्पाची माहिती केंद्रामार्फत या प्रक्रियेत जाते, म्हणून कोणती रसायनं, किती नमुने, कुठे खणणार, कचरा कसा परत आणणार, हे सगळं द्यावं लागतं. संरक्षित क्षेत्रात पाऊल टाकायला वेगळा परवाना लागतो. परवान्याशिवाय बाहेरची वनस्पती किंवा प्राणी तिथे नेल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा सह्याद्रीत वापरलेले बूट आणि सॅक नेणार असाल तर ब्रशने घासून, शिवणीतली माती आणि व्हेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढून मगच भरा.

वैद्यकीय तपासणी आणि औली

प्रकल्प मंजूर झाला म्हणजे माणूस मंजूर झाला असं नाही. सदस्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते, आजवर ती दिल्लीच्या एम्समध्ये होत आली आहे. हिवाळी सदस्यांची मानसिक चाचणीही होते. त्यानंतर उत्तराखंडात औली इथे आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत बर्फावर चालण्याचं, दोर वापरण्याचं, हिमभेगेतून माणूस बाहेर काढण्याचं प्रशिक्षण असतं. दातांची दुखणी निघण्याआधीच उरकून घ्या. तळावर डॉक्टर असतात, पण सगळे उपचार तिथे होत नाहीत. एखादा सदस्य तपासणीत गळला तर काम अडू नये म्हणून पर्यायी नाव सुरुवातीपासून तयार ठेवा.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. प्रवास बहुधा केपटाऊनमार्गे असतो, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. शिवाय संस्थेची एनओसी, रजा किंवा ऑन-ड्युटीचा आदेश, वैद्यकीय अहवाल, हमीपत्र, विमा आणि वारसाचं नाव. हिवाळी सदस्यांनी बँकेची आणि घरची कामं पाहायला कुणाला तरी मुखत्यारपत्र देऊन जावं.

उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डमधल्या ‘हिमाद्री’ तळावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. स्वालबार्ड नॉर्वेचा भाग असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येत नाही. ऑस्लोमार्गे जाऊन परत यायचं म्हणजे शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतलात तर परतीला अडकाल.

सामान

थंडीचे खास कपडे आणि बूट केंद्र देतं. तुमची खरी कसोटी उपकरणांच्या पेट्यांवर लागते. पेट्या माणसांच्या कितीतरी आधी रवाना होतात, म्हणून जहाजाची तारीख हीच तुमची खरी अंतिम तारीख. प्रत्येक पेटीची यादी करा: पेटी क्रमांक, लांबी-रुंदी-उंची, वजन, उपकरणाचा सिरियल नंबर, रुपयांत किंमत, आत बॅटरी किंवा रसायन आहे का. बिलावरचा नंबर आणि उपकरणावरचा नंबर जुळलाच पाहिजे, नाहीतर परत येताना कस्टममध्ये हे यंत्र आपणच नेलं होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. थर्माकोलचे मणी भरू नका, प्रोटोकॉलने त्यांना थेट बंदी आहे. फोमच्या शीट किंवा लोकरी कापड वापरा.

लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली की खराब होते, म्हणून चार्जिंगची सोय उबदार जागी करा. वायरी सिलिकॉनच्या घ्या, साधं पीव्हीसी आवरण कडक होऊन तडकतं. आणि सगळं यंत्र एकदा डीप फ्रीझरमध्ये रात्रभर चालवून पाहा, हातात जाड मोजे घालून. मोजे घालून जो स्क्रू फिरत नाही तो तिथेही फिरणार नाही. तो इथेच बदला.

परत आल्यावर

अंटार्क्टिक करारानुसार तिथली निरीक्षणं सर्वांना खुली असावी लागतात. मोजमापांची नोंद केंद्राच्या राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्राकडे द्यायची असते, सोबत मोहिमेचा अहवाल. नमुने गोठवलेले येणार असतील तर ते उतरवून घ्यायला माणूस, शीतपेटी आणि विभागात रिकामा फ्रीझर यांची सोय निघण्याआधीच लेखी करून ठेवा. जहाज सुट्टीच्या दिवशीही लागू शकतं.