शाळेच्या भिंती आणि मुलांचे पाय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यातलं कुठलंही गाव डोळ्यांसमोर आणा. गावठाण एकीकडे, वाड्या डोंगराच्या पोटाला आणि मधून ओढा. अशा गावात पहिली ते पाचवीची १२० मुलं आहेत. मध्यावर एक मोठी शाळा बांधायची की दोन टोकांना दोन लहान?

आधी भिंतींचं बघू. ९०० चौरस मीटरची चौरस इमारत घेतली तर बाजू ३० मीटर आणि बाहेरची भिंत १२० मीटर. तीच जागा दोन इमारतींत निम्मी निम्मी वाटली तर प्रत्येकीची बाजू सव्वाएकवीस मीटरच्या आसपास येते आणि भिंत होते एकूण १७० मीटर. जागा तेवढीच, पण भिंत आणि तिच्याखालचा पाया १.४१ पट, म्हणजे २च्या वर्गमुळाइतका. शिवाय बोअर, स्वच्छतागृह, पोषण आहाराची खोली, कुंपण, सगळं दोनदा. बांधकामापुरतं बोलायचं तर एकच शाळा स्वस्त, यात वाद नाही.

पण हेच वर्गमूळ मुलांच्या चालण्यातही लपलेलं आहे. गावाचा विस्तार ६ चौरस किलोमीटर, साधारण गोल आणि वस्ती सगळीकडे सारखी धरली, तर मधल्या शाळेपर्यंतचं सरासरी अंतर त्रिज्येच्या दोनतृतीयांश, म्हणजे ०.९२ किलोमीटर भरतं. दोन शाळा केल्या की ते ढोबळमानाने ०.६५ किलोमीटरवर येतं. पुन्हा तोच १.४१चा फरक, या वेळी मुलांच्या बाजूने. जाऊन-येऊन रोज अर्धा किलोमीटर वाचला. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा. म्हणजे एका मुलाचं पाच वर्षांत सुमारे ५४० किलोमीटर चालणं वाचतं. कोल्हापूर-पुणे जाणं-येणं होऊन वर उरेल इतकं! भिंतीचे पैसे एकदाच जातात, ही पायपीट मात्र प्रत्येक नव्या पहिलीच्या वाट्याला येते. सहा वर्षांच्या पोराची ही पायपीट अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यात हे अंतर नकाशावरचं. जुलैत ओढ्याला पाणी आलं की समोर दिसणारी शाळा पुलावरून वळसा घालून गाठावी लागते, नाहीतर घरीच बसावं लागतं. ओढा शाळेच्या वाटेत असेल तर वर्गमूळ बाजूला ठेवा आणि आधी ओढा बघा. पंचगंगेच्या काठच्या गावांना २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

खरा पैसा मात्र पगारात जातो, आणि इथे गंमत आहे. कायद्याच्या निकषाने १२० मुलांना चार शिक्षक. ६० आणि ६० अशी वाटणी केली तर प्रत्येक शाळेला दोन, म्हणजे पुन्हा चारच. कागदावर एक पैसाही जास्त नाही. पण त्या द्विशिक्षकी शाळेत डोकावून पाहा. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे तिसरीची कविता, उजवीकडे चौथीचा भागाकार. चौथीला गणित घालून बाई तिसरीकडे वळतात, तेवढ्यात पाचवीतला कुणीतरी वही घेऊन येतो. हा खर्च बाईंच्या घशातून आणि मुलांच्या वेळेतून वसूल होतो. तरीही शिक्षक कसलेले असतील तर लहान वयात ही मुलं एकमेकांकडून बरंच शिकतात, आणि ओढ्यापलीकडच्या शाळेला रोज जाण्यापेक्षा मला हे परवडणारं वाटतं.

सहावी ते आठवीला मात्र हिशेब उलटा फिरतो. तिथे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक लागतोच. १०५ मुलांची एक शाळा असेल तर ३५ला एक या प्रमाणात तिघांत भागतं. वर पट शंभरापुढे गेल्याने पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण व कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशकही मिळतात. तीच मुलं ५२ आणि ५३ अशी विभागली तर शिक्षक सहा लागतील आणि मुख्याध्यापक, निदेशक दोन्हीकडे नाहीत. शिक्षकांचे पगार दुप्पट आणि पदरात कमी. पाचवीपर्यंत शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरच्या आत, असं जे नियमात आहे, ते या हिशेबाशी चोख जुळतं.

कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची रांग सुरू झालेली होती. लहानांसाठी शाळा गावात गेली, शिकू पाहणाऱ्या मोठ्या मुलांची राहायची सोय शहरात झाली. २०२३मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मला हा फरक सारखा आठवत होता: पहिलीचं मूल आणि आठवीचं मूल एकाच तागडीत घालून चालत नाही.

म्हणून मोठी शाळा सहावीपासूनच करा, आणि ती करताना एसटीचा खर्चही बांधकामाच्याच अंदाजपत्रकात धरा. पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी शाळेच्या वेळेला वाडीच्या फाट्यावर थांबली तरच तो कामाचा. दुपारी शाळा सुटल्यावर परतीची गाडी दोन तासांनी असेल, तर आठवीतली मुलगी किती दिवस थांबेल आणि तिच्या घरचे तिला किती दिवस थांबू देतील, हे गावात कुणालाही विचारा.