कोळसून आणि सांबर: ‘पाडलं’ म्हणजे नेमकं काय?

सातपुड्यात मढईला जंगलसफारी करून आलेलं इंदुरातलं मराठी कुटुंब परतलं की पोह्यांच्या बशीबरोबर एक प्रश्न निघतोच. कोळसून, म्हणजे टोळीने शिकार करणारा कुत्र्यासारखा जंगली प्राणी, एवढासा, पंधरा किलोचा. तो दोनशे किलोचं सांबर पाडतो हे खरं, की गाइडने रंगवून सांगितलं? उत्तर ‘हो’ असंच आहे. मात्र त्या ‘हो’मध्ये किती सांबरं, कुठल्या वयाची, हे कळायला बराच काळ गेला आणि त्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे जिप्सीवाला ‘सोनकुत्ता’ म्हणतो, हिंदी वर्तमानपत्र ‘जंगली कुत्ते’ लिहितं, आणि गावाबाहेरच्या मोकाट कुत्र्यांनी हरीण फाडलं तरी बातमीत तेच ‘जंगली कुत्ते’ येतात. त्यामुळे मोकाटांचं पाप कोळसुनाच्या माथी बसतं. हा प्राणी आपल्या कुत्र्यांच्या प्रजातीत मोडतही नाही. त्याच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक दाढ कमी असते, त्यामुळे दात ४२ ऐवजी ४० भरतात. पांगलेल्या टोळीला तो शीळ घालून गोळा करतो. म्हणून मराठीत तरी ‘कोळसून’ हाच शब्द वापरावा. त्या शब्दाला मानही आहे. दख्खनेत नोकरी केलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली या प्राण्याचं वर्णन छापलं, तेव्हा शास्त्रीय नाव दख्खनवरून ठेवलं आणि ‘मराठ्यांचा कोळसून’ अशी नोंद केली. रशियातून त्याचं वर्णन १८११ सालीच झालेलं असल्याने ते शास्त्रीय नाव मागे पडलं.

त्यानंतरच्या शतकातलं बहुतेक लेखन शिकाऱ्यांचं आहे. इंदूरजवळच्या रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आजही उभी आहे. त्या काळात मोठ्या शिंगांचं सांबर म्हणजे दिवाणखान्याची शोभा, आणि तेच सांबर खाणारा कोळसून म्हणजे चोर. इंग्रजी अमलात त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. तो झुडपांवर मूत्र शिंपडून सावजाला आंधळं करतो, अशी समजूत अनेक जंगलांत होती. छोट्या जनावराने मोठं जनावर पाडलंच कसं, याचं उत्तर लोकांनी आपापल्या परीने शोधलं होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बक्षिसाचा विषय संपला, पण ‘क्रूर’ हा शिक्का राहिला. तो मला अन्यायाचा वाटतो. कोळसुनाला बिबट्यासारखा गळा धरून सावज गुदमरवता येत नाही, तेवढं वजन आणि तेवढा जबडा त्याच्याकडे नाही. टोळीतला एखादा नाकाडं धरून लोंबकळतो, बाकीचे मागून मांड्या आणि पोट फाडतात, आणि जनावर रक्तस्रावाने, धक्क्याने खाली बसतं. चितळासारखं हरीण बहुधा काही मिनिटांतच संपतं. सांबर पाण्यात शिरून उभं राहिलं तर वेळ लागतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राहतं ते हेच दृश्य.

आता खरा गुंता. सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या जंगलांत कोळसुनांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि पुढे सगळीकडे मुख्य पुरावा ठरली ती विष्ठा. विष्ठेतला केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि सावजाची जात ओळखायची. केसावरून ‘सांबर’ एवढं कळतं, पण ते जन्मून आठवडा झालेलं दहा-बारा किलोचं पाडस होतं की अडीचशे किलोचा नर, हे कळत नाही. ते कोळसुनांनीच मारलं की बिबट्याच्या तोंडचं हिसकावलं, हेही केस सांगत नाही. मढी मोजावीत तर उलटी अडचण येते. टोळी पाडस इतक्या झपाट्याने संपवते की मागे काही उरत नाही, आणि मोठ्या सांबराचा सांगाडा मात्र दिवसेंदिवस दिसत राहतो. विष्ठेत पुन्हा लहान सावजाचा वाटा फुगतो, कारण लहान जनावरात मांसाच्या मानाने केस जास्त. हा फुगवटा काढायला जे सूत्र बहुतेकांनी वापरलं, ते अमेरिकेतल्या लांडग्यांना खाऊ घालून बसवलेलं होतं. कोळसुनासाठी ते उसनं घेतलं गेलं.

त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलातल्या, १९९५ साली छापून आलेल्या अभ्यासात प्रमुख सावजांचं सरासरी वजन असं निघालं: वाघ सुमारे ९२ किलो, बिबट्या सुमारे ३८, कोळसून सुमारे ४३. म्हणजे पंधरा किलोच्या प्राण्याचं सरासरी सावज बिबट्याच्या सावजापेक्षा जड होतं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण तो एकाच जंगलातला, एकाच पद्धतीने मोजलेला आहे. २०१४ साली अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून आलेला निष्कर्ष सांगतो की कोळसुनाची पसंती १३० ते १९० किलोच्या सावजाला आहे. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडतात. पण ४३ हा मारलेल्या जनावरांचा अंदाज आहे आणि दुसरा आकडा प्राणिजातीच्या पसंतीचा. अशा एकत्रित अभ्यासांत प्रत्येक सावजजातीला एकच वजन देण्याची प्रथा आहे: प्रौढ मादीच्या वजनाचे तीन चतुर्थांश. पिल्लं आणि अर्धवट वाढलेली जनावरंही मारली जातात, म्हणून ही सवलत. वाघासाठी ते ठीक चालतं. कोळसुनासारखा प्राणी पाडसंच जास्त उचलत असेल, तर तीन चतुर्थांशही फार होतात. मग ‘कोळसून दीडशे किलोचं सावज पसंत करतो’ या वाक्यातलं दीडशे किलोचं जनावर जंगलात उभंच नसतं. ते हिशेबातून निघालेलं असतं. माझ्या मते हा निर्णय सोयीचा होता आणि तो तसाच पुढे चालू राहिला.

टोळीने मोठी सांबरं पाडली नाहीत, असा याचा अर्थ नाही. ती पाडल्याच्या प्रत्यक्ष नोंदी भरपूर आहेत. गव्याचं वासरू तर नेहमीचंच. १९९९ साली ब्रिटनमधून आलेल्या एका मांडणीनुसार साधारण २१ किलोच्या खालचे शिकारी किडे-उंदरांसारख्या लहान सावजांवर भागवू शकतात, आणि त्यावरच्यांना आपल्या वजनाच्या जवळपासचं सावज लागतंच, नाहीतर धावपळीचा खर्च निघत नाही. कोळसून वजनाने त्या रेषेखाली आहे, पण तो एकटा जेवत नाही. पाच ते दहा तोंडं, शिवाय बिळात पिल्लं, आणि त्या पिल्लांना सगळे मोठे मिळून मांस ओकून भरवतात. एवढ्या खटल्याला उंदीर पुरत नाहीत. एकट्याने मोठं सावज मारणारेही आहेत. युरोपातला काही शे ग्रॅमचा स्टोट हा मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी आपल्या कितीतरी पट वजनाचा ससा मानगुटीला चावून मारतो. पण तिथे सावज स्वतःच दीड-दोन किलोचं असतं, म्हणून त्या उदाहरणावरून सांबराबद्दल काही ठरत नाही.

कोळसून आता धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. २०१५च्या मूल्यांकनात जगभरातली प्रजननक्षम संख्या ९४९ ते २,२१५ धरली गेली. विदर्भात काही टोळ्यांना कॉलर लावून त्यांचा माग काढला गेला, आणि मढं कुठे पडलंय ते त्यामुळे लवकर कळू लागलं. सांबराचं वय आणि प्रकृती मात्र कॉलर सांगत नाही. त्यासाठी टोळी उठून गेल्यावर कोणीतरी तिथे पायी पोचावं लागतं, खालचा जबडा शोधून दातांची झीज बघावी लागते, आणि मांडीचं हाड फोडून मगजात चरबी किती उरली होती ते तपासावं लागतं.