सुरुवात करण्याची किंमत: प्रौढांमधलं एडीएचडी आणि उत्तेजक औषधं

मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीवरची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या विकारावरची उत्तेजक गोळी पुण्यातल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. आपल्याकडच्या औषध नियमांत ती ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. म्हणजे दुकानदाराकडे वेगळा परवाना हवा, साठा कुलपात हवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी. त्यातली एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही या औषधाचं नाव आहे. त्यामुळे तिशी-पस्तिशीत निदान झालेला माणूस ही चिठ्ठी घेऊन निघाला, की एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाता जाता त्याच्या मनात शंका घर करते: डॉक्टरांनी आपल्याला नशेची गोळी तर लिहून दिली नाही? घरी आई विचारते, “एवढं काय झालंय तुला? चांगली नोकरी आहे, शिकलायस.” पुण्यात मानसोपचार म्हटलं की अजूनही अनेकांना आधी येरवडा आठवतं, त्यामुळे पुढचं बोलणं तिथेच थांबतं.

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती घेऊनच औषधाकडे पाहू.

प्रौढांमधलं एडीएचडी बाहेरून फारसं दिसत नाही. शाळेत बाकावरून सारखं उठणारं मूल मोठेपणी मीटिंगमध्ये खुर्चीवर शांत बसलेलं असतं. चुळबुळ आत गेलेली असते. हिंजवडीतला एखादा इंजिनिअर रात्री दोनला सगळ्या टीमला न सापडलेला बग शोधून काढतो, पण प्रवासखर्चाचा साधा फॉर्म त्याच्याकडून तीन महिने भरून होत नाही. वीजबिल भरायला पैसे असतात, आठवणही असते, तरी शेवटची तारीख उलटून जाते. असं वर्षानुवर्षं चाललं की लोक त्या माणसाला आळशी, बेजबाबदार म्हणतात आणि हळूहळू तोही ते मान्य करतो. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पैसे, वेळ, नाती यांचं नुकसान मोजता तरी येतं. स्वतःबद्दलचं हे मत मात्र चाळिशीपर्यंत इतकं मुरलेलं असतं, की निदान झाल्यावरही ते निघता निघत नाही.

निदानाची अट सोपी नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांनुसार काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, ती घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी रोजचं जगणं खरोखर अडवलेलं असावं लागतं. मोबाईल आल्यापासून लक्ष लागत नाही, ही तक्रार खरी असली तरी तेवढ्याने एडीएचडी ठरत नाही. अपुरी झोप, थायरॉईड, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, आणि चांगला मानसोपचारतज्ज्ञ आधी त्यांची चौकशी करतो. लहानपणापासून टिकून राहिलेलं एडीएचडी जगभरात साधारण अडीच टक्के प्रौढांमध्ये आढळतं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणूनच मुलाला तपासायला नेलेली आई किंवा बाबा डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मध्येच थबकतात, कारण वर्णन स्वतःचंच चाललेलं असतं. बायकांच्या बाबतीत हे जास्त घडतं. मुलींमध्ये दंगा कमी आणि हरवलेपण जास्त असल्याने शाळेत त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

उत्तेजक औषधांचा हा उपयोग अपघाताने सापडला. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या रुग्णालयात काम करत होते. त्या काळी मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरत, आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामीन, देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही, पण शिक्षकांनी वेगळंच सांगितलं: काही मुलं अचानक वह्या उघडून बसायला लागली होती. तीस मुलांपैकी चौदा जणांमध्ये हा फरक ठळक होता. मिथाइलफेनिडेट त्यानंतरचं. १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी ते तयार केलं आणि पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं.

आता सुरुवातीच्या त्या शंकेकडे: ही नशेची गोळी आहे का? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा त्यांच्यामधल्या फटीत डोपामीनसारखी रसायनं सोडली जातात. काम झालं की डोपामीन परत आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, त्याला डोपामीन ट्रान्सपोर्टर म्हणतात. मिथाइलफेनिडेट या प्रथिनाला अडवतं, त्यामुळे डोपामीन फटीत थोडं जास्त वेळ राहतं. नॉरएपिनेफ्रिन या निरोप नेणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या बाबतीतही तेच होतं. अ‍ॅम्फेटामीन याच्या पुढे जातं: ते पेशीच्या आत शिरून साठवलेलं डोपामीन बाहेर ढकलायला लावतं. अमेरिकेत अ‍ॅम्फेटामीनची औषधं सर्रास लिहिली जातात. आपल्याकडे उत्तेजक औषध म्हणजे व्यवहारात मिथाइलफेनिडेटच.

कोकेनही हेच प्रथिन अडवतं. ही गोष्ट लपवण्यात काही अर्थ नाही, उलट ती नीट समजून घ्यावी. संशोधक नोरा व्होल्को यांनी अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मेंदूची स्कॅनिंग करून या दोन रसायनांची तुलना केली. शिरेतून दिलेलं कोकेन काही मिनिटांत मेंदूत कळस गाठतं. तोंडाने घेतलेल्या मिथाइलफेनिडेटला त्यासाठी तास-दीड तास लागतो. नशा चढते ती डोपामीन झपाट्याने वाढण्यातून. तीच वाढ सावकाश झाली की नशेचा तो झटका बसत नाही. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या चावू किंवा कुटू नका असं डॉक्टर बजावतात, त्याचं एक कारण हेच. गैरवापर होऊ शकतो हे खरं आहे आणि कुलूप त्यासाठीच आहे. पण ठरलेल्या डोसमध्ये, तोंडाने, देखरेखीखाली घेतलेली गोळी आणि नशा यांत मेंदूच्या दृष्टीनेच अंतर आहे.

मग ती गोळी नेमकं करते काय? ‘लक्ष वाढवते’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्याहून पटणारं उत्तर २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगातून मिळतं. अँड्र्यू वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी पन्नास निरोगी तरुणांपुढे पर्याय ठेवले: डोक्याला कमी ताण देणारं काम करून थोडे पैसे घ्या, किंवा जास्त ताण देणारं काम करून जास्त पैसे घ्या. मेंदूच्या एका ठरावीक भागात ज्यांचं डोपामीन कमी तयार होत होतं, त्यांचा कल सोप्या कामाकडे होता. मिथाइलफेनिडेट दिल्यावर याच लोकांनी अवघड काम जास्त वेळा निवडलं. त्यांची नजर कुठे जाते हेही मोजलं होतं. औषधामुळे कष्टांपेक्षा फायद्याचं पारडं जड झालं होतं. हुशारी होती तेवढीच राहिली.

प्रवासखर्चाचा तो फॉर्म आता वेगळा दिसतो. त्या इंजिनिअरला फॉर्म समजत नाही असं नाही, त्याचं महत्त्वही कळतं. पण त्याच्या मेंदूला त्या कामाला हात घालण्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, आणि बग शोधण्यात जो ताबडतोब रस वाटतो तो फॉर्ममध्ये नसतो. गोळीने ती किंमत उतरते. अनेक रुग्ण पहिल्या काही दिवसांबद्दल सांगतात ते असंच असतं: फार काही वेगळं वाटलं नाही, फक्त भांडी घासायची होती ती घासून झाली.

डोसचं गणित मात्र नाजूक आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, जिथे योजना आखणं, मोह आवरणं आणि एखादी गोष्ट मनात धरून ठेवणं चालतं, तो डोपामीन आणि नॉरएपिनेफ्रिन फार कमी असलं तरी नीट चालत नाही आणि फार जास्त झालं तरी बिघडतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. वरणातल्या मिठासारखं आहे हे, चिमूटभर इकडेतिकडे झालं तरी चव जाते. म्हणून डॉक्टर लहान डोसपासून सुरू करतात, आठवड्या-आठवड्याने वाढवतात आणि विचारत राहतात. डोस जास्त झाला की माणूस घुम्यासारखा होतो, चिडचिडतो, किंवा एकाच क्षुल्लक कामात तासन्‌तास अडकतो.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. ‘उत्तेजक औषधाने शांत वाटलं म्हणजे तुम्हाला एडीएचडी आहेच’, असं लोक एकमेकांना सांगतात. १९७८ साली जुडिथ रॅपोपोर्ट यांनी एडीएचडी नसलेल्या लहान मुलांना अ‍ॅम्फेटामीन दिलं, तेव्हा त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष सुधारलं. गोळी लागू पडली हा निदानाचा पुरावा नव्हे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्र रात्र जागणाऱ्या मुलामुलींसाठी हे मुद्दाम लिहितो. मित्राच्या चिठ्ठीवरची गोळी परीक्षेला उपयोगी पडेल असं कुणी सांगत असेल, तर २०२३ सालचा एक प्रयोग पाहा. मेलबर्नच्या संशोधकांनी चाळीस निरोगी तरुणांना, ठरावीक वजनात जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा बसवायच्या, अशी अवघड कोडी दिली; कधी मिथाइलफेनिडेट देऊन, कधी दुसरं उत्तेजक देऊन, कधी नुसती साखरेची गोळी देऊन. औषध घेतल्यावर मुलं जास्त वेळ झटली, जास्त खटपट केली, पण उत्तरांचा दर्जा घसरला. साखरेच्या गोळीवर जे सरासरीहून वर होते, ते औषधावर खाली येण्याकडे झुकले. मेहनत वाढली आणि त्या मेहनतीची शिस्त गेली. आणि गोळी मित्राला ‘सहज’ देणं हा कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांना खरंच एडीएचडी आहे त्यांच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त १३३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात प्रौढांच्या लक्षणांवर अ‍ॅम्फेटामीनचा परिणाम सगळ्यात जास्त आणि मिथाइलफेनिडेटचा मध्यम दिसला. मध्यम म्हणजे क्षुल्लक नव्हे. मानसोपचारातल्या बऱ्याच औषधांशी तुलना केली तर तो चांगलाच म्हणावा लागेल. मर्यादा अशी, की हे निष्कर्ष साधारण बारा आठवड्यांपुरते आहेत. पुढचं पाहायला स्वीडनची नोंदणी उपयोगी पडते. तिथल्या सतरा हजारांहून जास्त प्रौढ रुग्णांच्या नोंदींत, पुरुषांच्या बाबतीत, औषध चालू असतानाच्या काळात गंभीर वाहन-अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी दिसला. नोंदींमधून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही. तरी ज्या शहरात माणसं दुचाकीवरून कर्वे रोडची गर्दी कापत रोज कामाला जातात, तिथे हा आकडा मला लक्षणांच्या कुठल्याही गुणांकापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्रासही आहेत. भूक मरते, दुपारचा डबा अर्धा परत येतो. गोळी उशिरा घेतली तर झोप उडते. तोंड कोरडं पडतं, डोकं दुखतं, संध्याकाळी असर उतरताना काहींची चिडचिड होते. नाडीचे ठोके आणि रक्तदाब थोडे वाढतात. बहुतेकांत ही वाढ किरकोळ असते, पण सगळ्यांत नाही. स्वीडनमधल्याच एका मोठ्या अभ्यासात अनेक वर्षं औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे विकार जास्त आढळले. आपल्या घरांत रक्तदाब आणि हृदयविकार किती आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याआधीच वडिलांचा, काकांचा इतिहास सांगावा. हृदयाचा विकार, काबूत नसलेला रक्तदाब, काचबिंदू, पूर्वी आलेला उन्माद किंवा भास यांपैकी काही असेल तर ही औषधं टाळतात किंवा फार जपून देतात. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्यांनी तो आकडाही सांगावा. छातीतली धडधड कधी कधी गोळी आणि चहा यांची मिळून असते.

उत्तेजक चालत नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे. ते उत्तेजक वर्गात येत नाही, दुकानात मिळायला सोपं आहे, मात्र असर दिसायला चार ते सहा आठवडे किंवा अधिक लागतात. आणि कुठलंही औषध दिवसाचं वेळापत्रक आखून देत नाही. कामाचे तुकडे कसे पाडायचे, वेळेचा अंदाज कसा घ्यायचा, आठवण डोक्यात न ठेवता कागदावर कशी ठेवायची, हे वर्तनोपचारातून शिकावं लागतं. मला वाटतं गोळी सुरू झाल्यावरचे पहिले महिने त्यासाठी सगळ्यात चांगले, कारण शिकायला बसणं तेव्हा जमू लागलेलं असतं.

गोळी किती वर्षं घ्यायची, याला एकच उत्तर नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डोस बदलला की आणि एरवी दर सहा महिन्यांनी नाडी, रक्तदाब पाहायचा, वजनावर लक्ष ठेवायचं आणि वर्षातून एकदा तरी औषध चालू ठेवायचं का, हे रुग्णासोबत बसून ठरवायचं. काही जण तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस गोळी थांबवून बघतात. त्या दिवसांत काय काय रेंगाळलं याची नोंद घरातल्या माणसाने ठेवली, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.