लिंच लक्षणसमूह

मोठे आतडे व गुदाशय यांच्या आनुवंशिक कर्करोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. या अवयवांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे ३ टक्के त्यात मोडतात. स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तरालाही मोठा धोका असतो. जठर, अंडाशय व मूत्रवाहिनी यांना त्यामानाने कमी. कारणीभूत जनुकदोष अलिंगी (लिंग न ठरवणाऱ्या) गुणसूत्रावर असून प्रभावी (एकाच पालकाकडून आला तरी पुरेसा) असल्याने तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकवाक्यता नाही. मिशिगन विद्यापीठातील विकृतिवैज्ञानिक ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ मध्ये त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने, घरातल्या पुष्कळांप्रमाणे आपणही कर्करोगानेच जाणार, असे सांगितल्याची हकीकत बहुतेक ग्रंथांत येते. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये तिच्या घराण्याची वंशावळ ‘कुल जी’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांच्या विवेचनावर तत्कालीन सुप्रजननवादाची (निवडक प्रजननाने मानववंश सुधारावा या मताची) छाप आहे. पुढे त्याकडे दुर्लक्ष होण्यास बहुधा हेही एक कारण असावे. अमेरिकन वैद्य हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये नेब्रास्का व मिशिगन येथील दोन कुटुंबांचा वृत्तांत दिला, तेव्हाही कर्करोग परिस्थितिजन्य मानण्याकडेच कल होता. वॉर्थिन यांचे अग्रक्रमत्व मान्य करूनही, आनुवंशिकतेचा नमुना चिकाटीने सिद्ध केला तो लिंच यांनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कुल जी आणखी एका कारणाने लक्षणीय ठरते. आरंभीच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग बराच होता. पुढे तो घटून मोठ्या आतड्याचा वाढला. अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकसंख्येतही जठराचा कर्करोग याच काळात कमी झाला. म्हणजे जनुकदोष तोच राहिला तरी रोग कोणत्या अवयवात प्रकटेल हे अंशतः आहारादी परिस्थितीवर अवलंबून असावे.

डीएनएची प्रत निघताना राहिलेल्या चुकीच्या जोड्या दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ या जनुकांपैकी एक निकामी असणे हे मूळ कारण होय. जीवाणूंतील या दुरुस्तीचा उलगडा करणारे पॉल मॉड्रिच २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. मानवी एमएसएच२ चा शोध १९९३ मध्ये, तर एमएलएच१ चा १९९४ मध्ये लागला. दुरुस्ती थांबली की मायक्रोसॅटेलाइट या पुनरावृत्त खंडांची लांबी बदलत जाते. ही अस्थिरता मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत दिसते. परंतु त्यांपैकी बहुतेकांत एमएलएच१ उतारवयात मेथिलीकरणाने (डीएनएवर मेथिल गट जडल्याने) बंद पडलेले असते, वारशाने बिघडलेले नसते. गाठीत बीआरएएफ जनुकाचे व्ही६००ई उत्परिवर्तन आढळल्यास लिंच लक्षणसमूहाची शक्यता बरीच कमी होते.

उपचारांची दिशा या अस्थिरतेनेच बदलली. चुका साचल्याने गाठीत अपरिचित प्रथिने तयार होतात व प्रतिरक्षा यंत्रणेला ती ओळखता येतात. या यंत्रणेवरील अटकाव दूर करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये, अवयव कोणताही असो, असा दोष असलेल्या प्रगत गाठींसाठी मान्यता मिळाली. याउलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दुसऱ्या टप्प्यातील अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केवळ फ्लुओरोयुरॅसिल हे रसायनोपचारातील औषध देऊन लाभ होत असल्याचे दिसत नाही.

दोषवाहकांची आतड्याची दुर्बीण तपासणी साधारणपणे दर एक-दोन वर्षांनी करतात. दररोज ६०० मिग्रॅ. ॲस्पिरिन दीर्घकाळ घेतल्यास धोका घटतो, असे कॅप-२ चाचणीत आढळले. कमी मात्रेविषयी मतभेद आहेत. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगांसाठी समुपदेशन व जनुकचाचणीची सोय आहे.