गूळ घातला म्हणून साखर टळत नाही

"साखर सोडा, गूळ खा, मधुमेहालाही चालतो" हा सल्ला रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोज, म्हणजे साखरच असते. वर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. 100 ग्रॅममागे उष्मांक 380च्या आसपास, जवळजवळ साखरेइतकेच. लोह असतं खरं, पण चहातल्या खड्यातून मिळतं ते नगण्य. उलट गूळ कमी गोड लागतो, म्हणून जास्त पडतो.

घरच्या अमृत कोकमाचंही तेच. कोकमाच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सुटतो तो पाकच. त्यातल्या 30 मिलीत सुमारे 25 ग्रॅम साखर जाते, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना 2000 उष्मांकांच्या आहारात वरची साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25च्या आत ठेवायला सांगते. गूळ आणि मधही त्यातच धरायचे.

त्यापेक्षा आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस घ्या: पेलाभर पाण्यात दोन चमचे, चिमूटभर जिरेपूड. वरून मीठ नको, आगळात ते भरपूर असतं. रक्तदाब असेल तर एकच चमचा.

शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, गोड रसात गूळ एक तृतीयांश कमी करा, पण नारळाचं पहिलं दाट दूधच वापरा. पाणचट रस बेचव लागतो आणि पुन्हा गूळ पडतो. चहातली साखर आठवड्याला पाव चमचा उतरवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा; डोस तोच राहिला तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते.