बडोद्याहून मों ब्लां: आधी गाइड, मग हट, शेवटी व्हिसा

फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या, आल्प्समधल्या मों ब्लांवर चढायला शिखराचा परवाना लागत नाही. सोबत सरकारी लायझन ऑफिसर नाही, शिखराची फी म्हणजे रॉयल्टी नाही. हिमालयात आयएमएफच्या (इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या) फायली भरलेल्यांना हे ऐकून हायसं वाटतं. पण कागद इथेही लागतातच, फक्त ते तीन वेगळ्या ठिकाणी गोळा करायचे असतात. त्यांचा क्रम चुकला की अख्खा उन्हाळा हातचा जातो. म्हणून हा क्रम नीट लक्षात घ्या.

पहिला गाइड. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण आपल्यासारख्या सपाट मुलखातल्या माणसाने त्याच्याशिवाय जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे घेऊन बर्फावर नेणारा माणूस यूआयएजीएमचा बिल्लाधारी हवा. ही १९६५ साली स्थापन झालेली गाइडांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. गाइडकडे ओळखपत्र असतं आणि त्यावर चालू वर्षाची नोंद असते. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी त्याचा फोटो मागवा. खरा गाइड त्यावर रागावत नाही. नेहमीच्या गूते मार्गावर एक गाइड जास्तीत जास्त दोघांना दोरात घेतो. त्याचा हटमधला, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यातला, मुक्काम आणि जेवण बहुधा आपल्याच खर्चात धरतात, हे आधी विचारून घ्या. हवा बिघडली म्हणून तो मागे वळला तर मानधन सहसा परत मिळत नाही. ही अट मराठी मनाला खुपते खरी, पण मागे वळायचा निर्णय पैशांवर अवलंबून असू नये, हेच बरं.

पात्रता गाइडच तपासतो. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फाचे काटे) घालून चालता येतं का, आइस अ‍ॅक्स वापरलीय का, सलग दहा-बारा तास चालायचा दम आहे का, असे प्रश्न येतात. उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचं बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र असेल तर ते पाठवा. माउंट अबूचा रॉक क्लाइंबिंगचा कोर्स चांगला आहे, पण तिथे बर्फ कुठला? दमासाठी पावागड पुरतो, एका दिवसात दोनदा-तीनदा, पाठीवर वजन घेऊन. उंचीची सवय मात्र पावागडावर होणार नाही. शिखर ४,८०० मीटरच्या थोडं वर आहे, म्हणून गाइड आधी इटलीतल्या ४,०६१ मीटरच्या ग्रान पारादिसोसारख्या शिखरावर नेतात. त्यासाठीचे दिवस वाचवू नका.

दुसरी पायरी हटची. २०१९ पासून गूते मार्गावर हटचं आरक्षण असल्याशिवाय वर जाता येत नाही, आणि तंबू ठोकायला बंदी आहे. तेत रूस हट ३,१६७ मीटरवर आहे, गूते हट ३,८३५ मीटरवर. जागा भराभर संपतात, म्हणून हे काम गाइडवर सोपवलेलं चांगलं. मात्र आरक्षण प्रत्येकाच्या नावाने होतं आणि वाटेत ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. आपली गोची इथे होते. गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून आडनाव पुढे असतं, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर क्रम निराळा असतो. गाइड, हट, विमा, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर छापलंय तेच, त्याच क्रमाने लिहा.

आता व्हिसा. तो शेंगेनचा, म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडला मिळून एकच. जास्त दिवस फ्रान्समध्ये असतील तर अर्ज फ्रान्सचाच, विमान स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाला उतरलं तरी. अर्ज अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात द्यायचा आणि बोटांचे ठसेही तिथेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करायलाच हवा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसवर जाऊ शकतात. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, त्यामुळे मार्चनंतर ढिलाई नको. प्रौढांची फी ९० युरो, केंद्राचं शुल्क वेगळं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, तिकिटांचं आरक्षण. नोकरदारांनी पगारपत्रकं आणि कंपनीच्या लेटरहेडवर रजामंजुरी जोडावी. दुकान किंवा धंदा असेल तर जीएसटी नोंदणी. यासोबत गाइडचं पत्र आणि हटचं आरक्षण जोडा. कव्हर लेटरमध्ये ‘गिर्यारोहण’ हा उद्देश सरळ लिहा. काही जण ‘पर्यटन’ लिहून मोकळे होतात. मग मुक्कामाच्या यादीत डोंगरातली हट का, असा प्रश्न उरतो. हवामानासाठी दोन-तीन जादा दिवस तारखांत धरा. ऑगस्ट २०२२ मध्ये उष्णतेमुळे दगड कोसळू लागले तेव्हा या मार्गावरच्या हट बंद ठेवल्या होत्या.

विम्याचं मात्र दुहेरी आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आणि तेवढी पॉलिसी कुणीही देतं. पण साध्या प्रवास विम्यात दोर लावून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका सहसा मोफत असते, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल हातात पडतं. तेव्हा गिर्यारोहण आणि सुटका दोन्ही स्पष्ट लिहिलेली पॉलिसी घ्या. एजंट तोंडी ‘सगळं आहे’ म्हणाला, तर ते कलम कागदावर दाखवायला सांगा.